पान उघडलं म्हणजे नेमकं काय झालं?

आजचा विषय एका फोनमुळे ठरला. भामरागडकडच्या एका शिक्षिकाबाईंनी आम्हाला सांगितलं, "सर, तुमच्या व्याख्यानाचं पान उघडायला घेते, पडदा पांढराच राहतो, आणि दिवसाचा डेटा मात्र संपत येतो." आमच्या घरी तेच पान क्षणात उघडत होतं. त्यामुळे आमच्या मनात पहिल्यांदा आलं ते 'तिकडे रेंज नसेल' एवढंच. रेंज कमी होतीच. पण पान 9 एमबीचं होतं, आणि ते आम्ही बनवून घेतलेलं होतं.

आता हिशेब करू या. त्यांच्या फोनला सेकंदाला 2 मेगाबिट एवढा वेग मिळतो असं धरा. एका बाइटमध्ये 8 बिट, म्हणजे 9 एमबीचे झाले 72 मेगाबिट. भागिले 2. 36 सेकंद! छत्तीस सेकंद पांढऱ्या पडद्याकडे कोण बघत बसेल?

पण उपायांकडे जाण्याआधी एका शब्दाशी थांबू. 'पान लोड झालं' म्हणजे काय झालं? सर्व्हरला विचाराल तर त्याने फाइल पाठवली की त्याचं काम झालं. ब्राउझरच्या जुन्या हिशेबात सगळ्यात तळाचा फोटोसुद्धा आला की लोड झालं. आणि बाईंच्या दृष्टीने? पहिला परिच्छेद वाचता आला की झालं. एकाच घटनेच्या या तीन वेळा आहेत, आणि त्यातली कुठली मोजायची हे ठरवल्याशिवाय 'वेग वाढवा' या वाक्याला अर्थ नाही. बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने 1907 सालच्या ग्रंथात पाण्यात विरघळणाऱ्या साखरेचं उदाहरण दिलंय. घड्याळातला वेळ वेगळा आणि थांबलेल्या माणसाचा वेळ वेगळा, हे त्याला दाखवायचं होतं. वर्गात हे शिकवताना पोरं जांभया द्यायची. आता फोन हातात आहे, तर लगेच पटतं.

संगणकवाल्यांनाही हे उमगायला वेळ लागला. जेकब नील्सन यांनी 1993 मध्ये तीन मर्यादा मांडल्या: 0.1 सेकंदाच्या आत प्रतिसाद आला तर तो तात्काळ वाटतो, 1 सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही, आणि 10 सेकंदांनंतर माणसाचं लक्ष उडतं. गूगलने 2020 मध्ये जी मापं पुढे आणली, तीही वाचणाऱ्याच्या बाजूने घेतलेली आहेत. पानावरचा सर्वांत मोठा दिसणारा भाग 2.5 सेकंदांत दिसावा. बोट लावल्यावर 200 मिलिसेकंदांत काहीतरी घडावं (हे माप 2024 मध्ये आलं). आणि वाचता वाचता मजकूर खालीवर उड्या मारू नये. यात आम्हाला आवडलेली गोष्ट अशी की सरासरी धरत नाहीत; 100 पैकी 75 भेटींत ही अट पुरी व्हावी लागते. सरासरीत आमच्या घरचं वाय-फाय बाईंच्या फोनला झाकून टाकतं.

बरं, वेळ जातो कुठे? एक तर अंतरात. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. आमचा सर्व्हर होता अमेरिकेतल्या व्हर्जिनियात. मुंबईहून जाऊन-येऊन सुमारे 26 हजार किलोमीटर, म्हणजे एका फेरीला किमान 130 मिलिसेकंद. केबल काही सरळ रेषेत जात नाही, म्हणून प्रत्यक्षात 200 च्या वर. त्यातही एका फेरीत भागत नाही. आधी जोडणी, मग सुरक्षिततेची देवाणघेवाण, मग पानाची मागणी. पहिलं अक्षर यायच्या आधीच अर्धा-पाऊण सेकंद गेला, आणि इथे तुम्ही कितीही महागडा डेटा पॅक घ्या, प्रकाश काही जास्त वेगाने धावणार नाही. उपाय एकच, अंतर कमी करा. सीडीएन म्हणतात ते हेच: पानाच्या प्रती मुंबई, चेन्नईसारख्या जवळच्या ठिकाणी ठेवायच्या. शिवाय आमचा सर्व्हर प्रत्येक येणाऱ्यासाठी डेटाबेसमधून पान नव्याने जुळवत बसायचा. व्याख्यान एकदा छापलं की बदलत नाही. मग तयार पान ठेवून तेच द्यावं ना! तेवढं केलं.

आता वजन. इथे खरी गंमत आहे. 6,000 शब्दांचं आमचं व्याख्यान भरतं जेमतेम 115 केबी. देवनागरीचं एकेक चिन्ह युनिकोडच्या नेहमीच्या मांडणीत 3 बाइट घेतं, तरीही एवढंच. आणि जीझिपने दाबून पाठवलं की त्याच्याही बऱ्याच खाली जातं. मग 9 एमबी कशाचे? वर सभागृहाचा एक फोटो होता, कॅमेऱ्यातून काढला तसाच चढवलेला, 4,000 पिक्सेल रुंद, 4.2 एमबी. फोनच्या पडद्याची रुंदी बहुधा 1,080 पिक्सेल. त्या मापाचा करून वेबपी स्वरूपात ठेवला तर 90 केबीत बसला, आणि फरक कुणालाही कळला नाही, फोटो काढणाऱ्यालाही नाही. खालचे वक्त्यांचे फोटो वाचक तिथपर्यंत पोचला तरच मागवायचे, याला लेझी लोडिंग म्हणतात. मात्र अगदी वरच्या फोटोला हे लावू नका, तो उलट उशिरा येतो. आम्ही ही चूक आठवडाभर केली. आणि प्रत्येक फोटोची लांबी-रुंदी आधीच लिहून ठेवा, म्हणजे ब्राउझर जागा राखतो आणि वाचत असलेली ओळ निसटत नाही.

मराठी पानांची एक खास अडचण आहे, तिच्याकडे कुणी बघत नाही. फॉन्ट. रोमन लिपीच्या फॉन्टला थोडक्या आकृत्या पुरतात. देवनागरीला जोडाक्षरांसाठी शेकडो लागतात, म्हणून फाइल जड. आम्ही एकाच फॉन्टच्या चार जाड्या मागवत होतो, मिळून 700 केबी. त्यात पुन्हा फॉन्ट येईपर्यंत कित्येक ब्राउझर साधारण 3 सेकंद मजकूर लपवूनच ठेवतात. म्हणजे बाईंच्या फोनवर अक्षरं पोचलेली असायची, दिसायची नाहीत! आता मजकुराला फोनमधलाच फॉन्ट वापरतो. अँड्रॉइडमध्ये नोटो देवनागरी असतोच. शीर्षकांना तेवढा एक फॉन्ट ठेवलाय, आणि 'आधी मजकूर दाखव, फॉन्ट आला की बदल' अशी सूचना दिली आहे.

राहिली जावास्क्रिप्ट. 200 केबीचा फोटो आणि 200 केबीची स्क्रिप्ट यांचं वजन सारखं, पण फोटो नुसता उलगडायचा असतो. स्क्रिप्ट वाचायची, समजून घ्यायची, चालवायची, आणि तेवढा वेळ स्वस्त फोनचं डोकं गुंतलेलं राहतं. बोट लावलं तरी ढिम्म. आमच्या पानावर व्हिडिओची चौकट होती. कुणी व्हिडिओ न बघताही ती आपलं सगळं सामान उतरवून घ्यायची. आता तिथे साधं चित्र आहे. दाबलं तरच व्हिडिओ येतो. येणाऱ्यांची मोजणी करणाऱ्या तीन स्क्रिप्टा होत्या. त्यांचे आकडे कोण बघतं असं बैठकीत विचारलं, सगळे गप्प बसले. दोन काढल्या.

एवढं केल्यावर पान 600 केबीच्या आत आलं. त्याच 2 मेगाबिटच्या हिशेबाने अडीच सेकंदांच्या आसपास, आणि पहिला परिच्छेद त्याच्याही आधी दिसतो.

करून बघणाऱ्यांना एक सूचना. स्वतःच्या संगणकावर स्वतःचं पान तपासू नका. तिथे सगळं आधीच साठवलेलं असतं. आम्ही दोन वर्षं असेच फसलो. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क मुद्दाम मंद करता येतं, साठवण बंद करता येते. नाहीतर घरातला सर्वांत जुना फोन काढा, वाय-फाय बंद करा आणि बघा.

बाईंनी परवा पुन्हा कळवलं. व्याख्यान उघडतं, म्हणाल्या, पण जुन्या पुस्तिका उतरत नाहीत. बरोबरच आहे. त्या स्कॅन केलेल्या आहेत, एकेक 40 एमबीची. पुढच्या महिन्यात त्या घेतोय.