पायाखालचं पाणी – लेखांक 7 : तेल बुडतं तेव्हा

तेल पाण्यावर तरंगतं, हे सांगायला कुणी शास्त्रज्ञ लागत नाही. इंधनगळतीचा तपासही याच साध्या गोष्टीच्या भरवशावर सुरू होतो. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्की शहराच्या पोटाखाली, हा भरवसा कसा निसटला त्याची गोष्ट आज.

शहराला लागूनच कर्टलंड हा हवाई दलाचा तळ आहे. 1953 पासून तिथे विमानांचं इंधन साठवत. इंधन वाहून नेणारे जमिनीखालचे नळ गळताहेत, हे कळलं 1999 मध्ये. एकूण किती गळलं असेल? अंदाज 60 लाख गॅलनपासून 2 कोटी 40 लाख गॅलनपर्यंत. एवढी तफावत पाहून हसू येईल, पण तपासणाऱ्यांची अडचण समजून घ्या. भूजल तिथे सुमारे 150 मीटर खोल. वाटेतल्या वाळूच्या आणि चिकणमातीच्या थरांत कणाकणाला किती इंधन चिकटून राहिलं, हे तोलायचं कसं? भोकं पाडायची, माती वर काढायची, आणि दोन भोकांमधल्या जागेबद्दल तर्क करायचा. 150 मीटरचं प्रत्येक भोक महागडं, म्हणून तर्कच जास्त.

सुरुवातीला सगळं लक्ष मातीवर होतं. भूजलावर तरंगणारं इंधन हाती लागलं ते 2007 मध्ये. त्याहून वाईट होती पाण्यात विरघळलेली दोन रसायनं. बेंझीन आपल्याला ऐकून माहीत असतं. जमिनीतले जीवाणू ते बऱ्यापैकी खातात, त्यामुळे ते फार लांब जात नाही. दुसरं, इथिलीन डायब्रोमाइड, मात्र चिवट निघालं. ते मैलभराहून लांब गेलं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा आहे लिटरला 0.05 मायक्रोग्रॅम, म्हणजे 25 लाख लिटरच्या पोहण्याच्या तलावात ग्रॅमचा जेमतेम आठवा भाग. त्यातून शहराच्या उपशामुळे भूजलाचा ओघ वळला होता ईशान्येकडे, नेमका पिण्याच्या विहिरींच्या दिशेने.

पण हेच रसायन तपासाला उपयोगीही पडतं. ते मिसळत शिसंयुक्त विमान-पेट्रोलमध्ये, आणि तळावर तसलं पेट्रोल 1975च्या सुमारास बंद झालं. म्हणजे पाण्यात ते सापडलं, तर निदान काही गळती त्याआधीची. 1999 मध्ये उघडकीस आलेल्या प्रकरणाचं वय असं एकदम पंचवीस वर्षांनी वाढतं.

आता तरंगण्याकडे येऊ. निरीक्षण विहीर म्हणजे जमिनीत उतरवलेला पाईप. त्याच्या ठरावीक भागालाच बारीक फटी असतात. तेल तरंगतं, म्हणून या फटी पाण्याच्या पातळीच्या थोड्या वर, थोड्या खाली ठेवतात. मोजपट्टीच्या टोकाला लावलेला शोधक आत सोडायचा. तेल लागलं की सलग आवाज, पाणी लागलं की तुटक टुक-टुक. दोन्ही आवाजांमधलं अंतर म्हणजे तेलाची जाडी. (विहिरीतली जाडी बाहेरच्या थरातल्यापेक्षा बहुधा फुगलेली असते, पण ते राहू द्या.)

डिसेंबर 2008 मध्ये अल्बुकर्कीने सान हुआन-चामा योजनेचं नदीचं पाणी प्यायला घेतलं. बोअरचा उपसा घटला. शहरासाठी ही आनंदाची गोष्ट. भूजल वर चढू लागलं. पण वाळूच्या छिद्रांत अडकलेलं तेल पाण्याबरोबर पूर्ण वर येत नाही. थेंबाथेंबाने जागीच राहतं आणि पाणी त्याच्या वरून चढतं. निरीक्षण विहिरींच्या फटीही बुडाल्या. मग पातळीवर काही तरंगत असलं, तरी ते आत येणार कुठून? विहिरीत तेल दिसेनासं झालं की कुणालाही वाटावं, प्रश्न मिटला. प्रत्यक्षात तेल पाण्याखाली बसून बेंझीन सोडतच राहतं. तपासासाठी मग नव्या पातळीला फटी असलेल्या नव्या विहिरी लागतात.

आपल्याकडे हे दरवर्षी पावसाळ्यात घडतं. दख्खनच्या विहिरींत ज्येष्ठात तळ दिसतो आणि भाद्रपदात पाणी काही मीटर वर आलेलं असतं. एखाद्या पेट्रोल पंपाची टाकी गळत असेल, तर तेलही त्या हेलकाव्यानिशी वर-खाली फासलं जाणार. शिवाय आपल्या बेसाल्टात पाणी भेगाभेगांतून धावतं. अल्बुकर्कीच्या वाळूत तीन विहिरींच्या पातळ्यांवरून ओघाची दिशा काढता येते. इथे तिसरी विहीर वेगळ्याच भेगेवर असू शकते, आणि नकाशावर काढलेला बाण चुकतो. भाद्रपदात घेतलेला एकच नमुना घेऊन कुणी ‘पाणी स्वच्छ’ असा अहवाल पुढे केला, तर आधी विचारावं : फटी कुठे होत्या?

2015 पासून अल्बुकर्कीत दूषित पाणी उपसून सक्रिय कोळशातून गाळताहेत. तो कोळसा नेमकं काय धरतो आणि काय सोडतो, ते पुढच्या लेखांकात.