सँटोरिनीला टाटा, नॅक्सोसला हाय!

दोन माणसं, दहा दिवस, अडीच लाख रुपये आणि एक ग्रीक बेट. ऑफिसातल्या मंडळींनी वेड्यात काढलं, घरच्यांनी कपाळाला हात लावला. पण जमलं!

ग्रीस म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं सांगा? पांढरीशुभ्र घरं, निळे घुमट, खाली समुद्र आणि त्यासमोर वाऱ्यावर उडणारा गाऊन घालून उभी असलेली तुमची कुणीतरी कॉलेजमैत्रीण. बरोबर ना? हा फोटो हमखास सँटोरिनीचा असतो. आता फोटोत न दिसणारी गोष्ट ऐका. सिझनमध्ये त्या घुमटांसमोर फोटोसाठी रांग लागते आणि समुद्राकडे तोंड असलेल्या बऱ्याशा खोलीचं एका रात्रीचं भाडं म्हणजे तुमच्या-माझ्या घराचा महिन्याचा हप्ता.

पण ग्रीसमध्ये माणसांची वस्ती असलेली बेटं दोनशेहून जास्त आहेत. मग सगळ्यांनी एकाच बेटावर गर्दी का करायची?

आधी वही, मग तिकीट

आमचं लग्न होऊन चार वर्षं झाली. मी लोअर परळला, नवरा ऐरोलीला. त्याचे क्लायंट अमेरिकेत, त्यामुळे त्याचा दिवस माझ्या रात्री सुरू होतो. आठवड्यातले चार दिवस आमचा संवाद फ्रिजवरच्या चिठ्ठीतून चालतो. 'दूध संपलंय', 'गॅसवाला येईल', 'लव्ह यू, पण कचरा टाक'. फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी पैसे साठवणं चालू होतं आणि त्यातलेच अडीच लाख काढून दहा दिवस कुठेतरी जायचं ठरलं. कर्ज काढायचं नाही आणि क्रेडिट कार्डाचे हप्ते करायचे नाहीत, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. खाली दोघांच्या सह्या!

दुसरा नियम माझा. दोघांना प्रत्येकी शंभर युरो 'नो क्वेश्चन्स' खात्यात. त्याचं काय केलं, हे विचारायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. बजेट ट्रिपमध्ये माणूस पैशांनी जेवढा कंटाळत नाही, तेवढा परवानग्या मागून कंटाळतो.

तारखा ठरवल्या सप्टेंबर २०२५ च्या. बाप्पाचं विसर्जन झालं की निघायचं. सासूबाई म्हणाल्या, "पितृपक्षात कसले हनिमून करताय रे?" पण ग्रीसचा उन्हाळा सप्टेंबर अखेरपर्यंत चालतो. पाणी छान उबदार असतं, जुलै-ऑगस्टमध्ये सुटणारा मेल्तेमी नावाचा भणाण वारा मवाळ होतो, युरोपातल्या शाळा उघडतात आणि खोल्यांचे भाव खाली येतात. पितरांनी आमच्यावर कृपाच केली म्हणायची.

बटाट्याचं बेट

आम्ही निवडलं नॅक्सोस. सिक्लेडीस द्वीपसमूहातलं हे सगळ्यात मोठं बेट. सँटोरिनी बोटीने इथून दोनेक तासांवर. मग दोन्हींच्या भावात एवढा फरक का? माझं उत्तर सोपं आहे: नॅक्सोसचं पोट फक्त पर्यटकांवर चालत नाही.

या बेटाच्या मधोमध झास नावाचा हजार मीटर उंचीचा डोंगर आहे. झास म्हणजे ग्रीकांचा देवाधिदेव झ्यूस. आजूबाजूची बेटं उघडीबोडकी, पण नॅक्सोसच्या खोऱ्यांत ऑलिव्ह, द्राक्षं, भाज्या पिकतात, गाई-शेळ्या चरतात. इथला बटाटा अख्ख्या ग्रीसमध्ये नावाजलेला. इथल्या ग्राव्हिएरा चीजला तर युरोपात आपल्या हापूससारखं भौगोलिक मानांकन आहे. पूर्वी डोंगरातून एमरी, म्हणजे पॉलिशसाठी लागणारा कठीण दगड, खणून जगभर जायचा. त्यात विमानतळ एवढासा की मोठं जेट उतरूच शकत नाही. ज्या गावाला आपली गरज नसते, तिथे आपण स्वस्तात राहू शकतो. कोकणात हायवेवरचा ढाबा सोडून आतल्या वाडीत गेलं की जेवणाचं बिल कसं उतरतं, तसंच हे!

अथेन्सला उतरून मेट्रोने थेट पिरेयस बंदर गाठलं. एअरपोर्टहून ही मेट्रो आता बंदरापर्यंत जाते, तिकीट माणशी ९ युरो. टॅक्सीचा विचारही करू नका. पुढे मोठी, संथ फेरीबोट. हायस्पीड बोट दोनेक तास वाचवते, पण तिकीट बरंच महाग. शिवाय संथ बोटीला उघडा डेक असतो. पाच-साडेपाच तास आम्ही डेकवर पाय पसरून बसलो, चकल्या खाल्ल्या आणि सूर्य एजियन समुद्रात बुडताना पाहिला. हे क्रूझपेक्षा काय कमी आहे?

रात्री उशिरा बोट लागली, तेव्हा आमच्या घरमालकीणबाई हातात आमच्या नावाची पाटी घेऊन धक्क्यावर उभ्या होत्या. साठीच्या, ठेंगण्या, इंग्रजी जेमतेम. बीचपासून दहा मिनिटं आत, छोट्या किचनची खोली, रात्रीचे ४५ युरो. वर सरकारचा थोडासा कर.

मांदेलीचा ग्रीक चुलतभाऊ

बजेट बिघडतं ते खाण्यात. युरो शंभरीपार गेलेला असताना प्रत्येक कॉफीला मनातल्या मनात गुणाकार सुरू होतो. आमचा तोडगा असा: नाश्ता घरी, दुपारी बेकरी, रात्री टॅव्हर्ना.

घरून जाडे पोहे, मोहरी, हिंग, हळद नेली होती. नॅक्सोसचा बटाटा तिथल्या दुकानातून आणला आणि दुसऱ्याच सकाळी बटाटेपोहे झाले. फोडणीच्या वासाने मालकीणबाई दारात हजर! एक घास खाल्ला, डोळे मिटले आणि बटाट्याकडे बोट दाखवून छाती पुढे काढली. म्हणजे चव पोह्यांची नाही, आमच्या बटाट्याची! संध्याकाळी त्यांनी अंजिरांची वाटी पाठवली. मग काय, रोजची देवाणघेवाण सुरू झाली.

मी शाकाहारी आणि नवरा वेंगुर्ल्याचा. ग्रीसमध्ये माझी उपासमार होणार, असं सगळ्यांनी बजावलं होतं. पण ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या उपासात मांस, दूध, अंडं चालत नाही. असे उपास वर्षात इतके येतात की बिनमांसाची अख्खी स्वयंपाकपद्धती तयार झाली आहे. भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची म्हणजे गेमिस्ता, टोमॅटोच्या रश्शातले भलेमोठे पांढरे वाल म्हणजे यिगान्तेस आणि पिवळ्या डाळीचं घट्ट फावा. वरून कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल. घोटलेलं वरणच की हो! मी पहिल्या दिवशीच खूश.

नवऱ्याने मात्र मेन्यूकार्डवर मोठ्या माशाचा भाव वाचला. किलोवर! त्याचा चेहरा वेंगुर्ल्याच्या लिलावात सुरमई हातची गेल्यासारखा झाला. मग वेटरनेच गाव्रोस सुचवले. बोटभर लांबीचे, पिठात घोळवून तळलेले, लिंबू पिळून काट्यासकट खायचे. "अगं, ही तर मांदेली!" असं म्हणून त्याने दोन प्लेट संपवल्या. शेवटी न मागता कलिंगडाच्या फोडी आल्या. पाहुण्याला काहीतरी फुकट देणं, ही इथली रीतच आहे. दोघांचं पोटभर जेवण बावीस-पंचवीस युरोंत.

बीचवर पैसे कशाला?

खुर्ची-छत्रीचं भाडं देणं अजिबात सक्तीचं नाही. ग्रीसमध्ये समुद्रकिनारा सार्वजनिक आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात शेजारच्या पारोस बेटावरचे लोक टॉवेल घेऊन रस्त्यावर उतरले होते, कारण बीच बारवाल्यांनी किनारे खुर्च्यांनी भरून टाकले होते. नॅक्सोसमध्येही आंदोलन पोहोचलं. पुढच्या वर्षी सरकारने नियम कडक केले आणि तक्रारीसाठी अ‍ॅपही काढलं. आम्ही होरा गावातून बस पकडून प्लाकाला जायचो. लांबच लांब वाळू, स्वच्छ पाणी आणि आमची सोलापुरी चादर. खर्च म्हणाल तर बसचं तिकीट!

एक दिवस छोटी गाडी भाड्याने घेऊन डोंगरात गेलो. हाल्की गावात १८९६ पासून चालणारी वालिन्द्रास कुटुंबाची भट्टी आहे. तिथे महाळुंगाच्या झाडाच्या पानांपासून कित्रोन नावाची दारू गाळतात. महाळुंग म्हणजे तेच, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातलं फळ! पुढे अपेरान्थोस, संगमरवरी फरशांच्या गल्ल्यांचं गाव. मग उत्तर टोकाला अपोलोनास. तिथे जुन्या खाणीत दहा मीटरहून लांब संगमरवरी पुतळा अर्धवट कोरलेल्या अवस्थेत आडवा पडून आहे, अडीच हजार वर्षांहून जास्त काळ. तिकीट नाही, रांग नाही. आम्ही दोघं आणि एक मांजर.

आणि मग भांडण

सगळं गोडगोड चाललं असताना पाचव्या संध्याकाळी नवरा म्हणाला, "इतक्या लांब आलोय. दोन तासांवर सँटोरिनी आहे. एक दिवस जाऊन येऊ."

वही काढली. दोघांची जाऊन-येऊन बोट, तिथलं खाणंपिणं मिळून दोनशे युरो सहज. म्हणजे नॅक्सोसवरचे दोन-अडीच दिवस. मी तसं म्हटलं, तर तो उसळला. "तीन वर्षं रात्री जागलो ते काय बटाट्याचं गाव बघायला?"

भांडण सँटोरिनीचं नव्हतंच. त्याच्या टीममधले सगळे तिथे जाऊन आलेत. त्याला एक फोटो हवा होता, ज्याच्याकडे बोट दाखवून म्हणता येईल, की बघा, त्या रात्री फुकट गेल्या नाहीत. हे त्याने सांगितलं तेव्हा आम्ही पोर्ताराशी बसलो होतो. पोर्तारा म्हणजे अपोलोच्या देवळाचा संगमरवरी दरवाजा. इसवीसनपूर्व सहाव्या शतकात लिग्दामिस नावाच्या राज्यकर्त्याने बांधायला घेतला, देऊळ अर्धवटच राहिलं. चौकट तेवढी उभी आहे आणि त्यातून सूर्य मावळताना दिसतो. मी म्हटलं, "तुझे शंभर आणि माझे शंभर मिळून होतात दोनशे. जायचं असेल तर माझे घे." तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "नको. तुझे तू ठेव."

दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या शंभरातून विंडसर्फिंगचा धडा घेतला. होरा गावाला लागूनच सेंट जॉर्ज बीच आहे, तिथलं पाणी उथळ, शिकाऊंसाठी उत्तम. दोन तासांत हा गडी वीसेक वेळा तरी पडला. प्रत्येक वेळी नाकातोंडातलं पाणी पुसत खदाखदा हसत उठला. दिवसाउजेडी तो इतका हसलेला मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. मी काठावरून फोटो काढला. उभा असलेला एकही आला नाही, सगळे पडतानाचे. त्यातलाच एक आता त्याच्या ऑफिसच्या डेस्कवर आहे.

माझ्या शंभरातून? अपेरान्थोसच्या एका आजींकडून हातमागावर विणलेलं कापड घेतलं. किती मोजले, ते नवऱ्याने विचारलं नाही. नियम म्हणजे नियम!

हिशेब द्या, हिशेब!

विमान (एक थांबा, दोघांचं) ९२ हजार, व्हिसा आणि विमा २४ हजार, बोट २० हजार, आठ रात्री नॅक्सोस आणि एक अथेन्स मिळून ४५ हजार, खाणं ३६ हजार, बस-मेट्रो-गाडी ११ हजार, 'नो क्वेश्चन्स' २० हजार. एकूण २ लाख ४८ हजार. अथेन्सला अ‍ॅक्रोपोलिसचं तिकीट होतं ३० युरो. आम्ही समोरच्या फिलोपाप्पू टेकडीवर चढून उजळलेला पार्थेनॉन फुकटात पाहिला.

डाउन पेमेंट चार-पाच महिने पुढे गेलंय, हे खरं. पण कुठला पैसा कशासाठी, हे भांडून का होईना, एकत्र ठरवायची सवय लागलीय. फ्लॅट घेताना तीच कामी येणार आहे.

तुम्हीही जाताय?

• शेंगेन व्हिसाची फी ९० युरो, सेंटरचे पैसे वेगळे. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. निदान ३० हजार युरोंचा प्रवास विमा लागतोच.
• जून किंवा सप्टेंबर गाठा. ऑगस्ट टाळा.
• गाडी चालवायची तर आरटीओतून इंटरनॅशनल परमिट आधीच काढा.
• कार्ड मशीनने 'रुपये की युरो' विचारलं, तर युरोच निवडा.
• टेबलावर आलेल्या पावाचे पैसे बिलात लागतात. नको असेल तर आधीच सांगा.
• पोहे न्या, मसाले न्या. पण तूप आणि पेढे घरी ठेवा. बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपात बंदी आहे.
• आणि हो, सोलापुरी चादर विसरू नका!