दगड राहतो, गोष्ट हरवते

माझं माहेर सौंसरचं आणि सासर बेळगावचं. घरात मराठी आणि कन्नड अशी कालवली गेली आहे की, एक वाक्य एका भाषेत सुरू होतं आणि दुसरीत संपतं! मागे सासूबाईंना घेऊन माहेरी गेले, तेव्हा जामसांवलीचं दर्शन ओघानं आलंच. पिंपळाखाली निजलेला हा मारुती. पूर्वी तो उभा होता, चोर पायाखालच्या धनावर टपले तेव्हा ते राखायला आडवा झाला, अशी गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय.

लेकीनं हळूच विचारलं, "अज्जी, मुळात हा दगडच ना?"

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "कल्लु अल्ल, देवरु."

मला एकदम चोरट्यासारखं झालं. त्यांच्या वडिलांना बळ्ळारीकडच्या शेतात नांगरताना एक काळा, गुळगुळीत, एका बाजूनं धार असलेला दगड सापडला होता. लग्नानंतर त्या तो घेऊन आल्या आणि तो आमच्या देव्हाऱ्यात बसला. घराला रंग काढला तेव्हा मी त्याला भंगलेल्या मूर्तींबरोबर विसर्जनाच्या पिशवीत टाकलं होतं. पिशवी अजून मागच्या पडवीतच होती.

परतीच्या गाडीत लेकीनं तिच्या पुस्तकातली चित्रं दाखवली. चीनमध्ये हांगचौ शहराजवळ लिआंगचू नावाचं ठिकाण आहे. इ. स. पूर्व ३३०० ते २३०० या काळात तिथे भात पिकवणारे लोक राहत. धातूची हत्यारं नव्हती, तरी जेड या अतिशय चिवट दगडावर त्यांनी केलेलं काम पाहून थक्क व्हायला होतं. जेड छिन्नीनं कोरता येत नाही, घासूनच आकार द्यावा लागतो. ओली वाळू लावलेल्या दोरीनं तो कापायचा, पोकळ नळी वाळूवर फिरवून भोक पाडायचं. एकेका वस्तूला किती दिवस लागले असतील!

त्यातली 'बी' म्हणजे मधे भोक असलेली गोल चकती. 'त्सोंग' बाहेरून चौकोनी आणि आतून गोल. १९८६ साली फानशान इथल्या १२ क्रमांकाच्या थडग्यात सहाशेहून अधिक जेडच्या वस्तू निघाल्या. त्यातला सर्वांत मोठा त्सोंग साडेसहा किलोचा आहे. त्यावर पिसांचा मुकुट घातलेला देव आणि त्याखाली वाटोळ्या डोळ्यांचा प्राणी कोरलेला आहे. २०१९ मध्ये लिआंगचू जागतिक वारसा झालं.

पण हे कशासाठी? चकती आकाशाची आणि त्सोंग पृथ्वीचा, असं एक चिनी ग्रंथ सांगतो. मात्र तो लिहिला गेला लिआंगचू संपल्यावर सुमारे दोन हजार वर्षांनी. ज्यांनी दगड घासला, त्यांचे शब्द उरले नाहीत. धन राहिलं, गोष्ट गेली.

आपल्याकडे बळ्ळारीजवळ संगनकल्लूच्या हिरेगुड्डावर साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी लोक काळ्या डोलेराइट दगडाच्या कुऱ्हाडी घडवत आणि खडकावर घासून गुळगुळीत करत. घासण्याचे ते चर तिथे अजून दिसतात. आमचा दगडही आता बळ्ळारीच्या रॉबर्ट ब्रूस फूट संग्रहालयातल्या जाणकारांना दाखवायचं ठरवलंय.

पण घरी पोचल्यावर आधी पडवीतली पिशवी उघडली. दगड धुतला, सासूबाईंच्या हातात दिला आणि सगळं कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत. मी विचारलं, "अत्ते, तुमचे वडील याचं काय करायचे?"

"पेरणीच्या दिवशी बियाण्याच्या पाटीत ठेवायचे. हळद-कुंकू वाहायचे. मग कूरिगे, म्हणजे तुमची तिफण, हातात घ्यायचे. पहिली मूठ याच्या नावानं."

चोवीस वर्षं तो आमच्या घरात होता आणि मी हे कधी विचारलं नव्हतं. लेकीनं लगेच वही आणली. अज्जी कन्नडमध्ये सांगत होत्या आणि ती एका पानावर कन्नड, समोरच्या पानावर मराठी लिहीत होती.

तुमच्याही देव्हाऱ्यात असं काही असेल. ते सांगणारं माणूस घरात आहे तोवर विचारून घ्या.