धार आणि पाती

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माळव्यातल्या देवासच्या मुख्य रस्त्याच्या एका बाजूला एका राजाचा अंमल होता, तर दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचा. पाण्याची सोय वेगळी, दिवाबत्तीही वेगळी. या दोन संस्थानांना इंग्रज दप्तरात 'सीनियर' आणि 'ज्युनियर' म्हणत. मराठीत मात्र ती थोरली पाती आणि धाकटी पाती.

पाती म्हणजे इथे वाटा. जुन्या व्यापारी मराठीत धंद्यातल्या हिश्शाला पाती म्हणत आणि भागीदाराला पातीदार. बाजीराव पेशव्यांबरोबर 1728 मध्ये माळव्यात उतरलेले तुकोजी आणि जिवाजी पवार हे सख्खे भाऊ. त्यांनी मिळवलेल्या मुलखाचे हे दोन वाटे. सुरुवातीला कारभार सामाईक होता. 1841 पासून दोन्ही घराणी आपापला भाग स्वतंत्रपणे पाहू लागली. पण जमिनी एकमेकींत इतक्या गुंतलेल्या होत्या की नकाशावर सलग रेघ ओढणे कठीण होते. थोरल्या पातीचे क्षेत्रफळ 446 चौरस मैल, धाकटीचे 440. 1901 च्या खानेसुमारीत थोरलीची वस्ती 62,312 आणि धाकटीची 54,904 होती. 'सीनियर' म्हटल्याने फक्त वडीलकी कळते. 'पाती' म्हटल्याने मूळ मालमत्ता एकच होती आणि ती भावाभावांत वाटली गेली, हेही कळते. देवासचा सगळा इतिहास या दोन अक्षरी शब्दात मावतो, म्हणून तो इंग्रजी नावापेक्षा कितीतरी नेमका आहे.

शब्दाचे मूळ संस्कृत 'पत्र', म्हणजे पान. प्राकृतात त्याचे 'पत्त' झाले आणि मराठीत पात, पाते, पाती अशी भावंडे जन्मली. कांद्याची पात, गवताची पाती, चाकूचे पाते, लवते न लवते ते डोळ्याचे पाते. यांत समान काय, तर पातळ, लांबट आकार. वाट्याचा अर्थही एका देठावरून फुटलेल्या पानांवरूनच आला असावा, असे मानायला जागा आहे. गंमत म्हणजे देवासच्या हिंदी शेजाऱ्याला 'पाती' म्हटले की चिठ्ठी आठवते. तीही त्याच 'पत्र'ची लेक, कारण पूर्वी पानावरच लिहीत. एकाच गावात एकाच शब्दाने एकाच्या मनात राज्याचा वाटा यावा आणि दुसऱ्याच्या मनात ख्यालीखुशालीचा कागद, हे माळव्यातच घडू शकते.

थोरल्या पातीत राजे तिसरे तुकोजीराव यांचे खासगी चिटणीस म्हणून 1921 मध्ये इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर राहिले. त्यांचे 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक 1953 मध्ये आले आणि देवास इंग्रजी वाचकांना ठाऊक झाले.

आता धार. इथले पवारही त्याच कुळातले. देवासच्या भावांचे वडील काळोजी, आणि धारचे उदाजी व आनंदराव हे काळोजींचे भाऊ संभाजी यांचे मुलगे. पण गावाचे नाव त्यांच्याहून कितीतरी जुने. परमार राजा भोजाची ही धारानगरी. संस्कृत 'धारा'चे अर्थ दोन: वाहता प्रवाह आणि शस्त्राची कड. मोनिअर-विल्यम्सचा संस्कृत-इंग्रजी कोश त्यांची मुळेही दोन मानतो. एक 'धाव्' म्हणजे वाहणे, पळणे. दुसरा 'धाव्' म्हणजे धुणे, घासून लखलखीत करणे. मराठीने दोन्ही अर्थ सांभाळले. संततधार, अभिषेकाची धार, गाईची धार काढणे, धारोष्ण दूध हे एकीकडे; धारकरी आणि धारातीर्थ दुसरीकडे. धारचे यशवंतराव पवार 1761 मध्ये पानिपतावर धारातीर्थी पडले. या शब्दात रणांगणावरची कड आणि तीर्थाचे पाणी एकत्र येतात. इतका भरलेला समास मराठीत क्वचित सापडेल. आणि कोकणात सरकारला ठरलेला धारा, म्हणजे सारा, भरणाऱ्या शेतकऱ्याला 'धारेकरी' म्हणत. तिथल्या 'धाऱ्या'त ना पाणी आहे ना पोलाद.

गावाच्या नावाचा अर्थ बहुधा तलवारीशी जोडतात. लाट मशिदीजवळचे अजस्र लोहस्तंभाचे तुकडे पाहिले की ते पटतेही.

पण धारचा शब्दांशी असलेला सर्वांत सुंदर संबंध लोखंडात नाही, एका कोशात आहे. विक्रम संवत् 1029 मध्ये, म्हणजे इसवी सन 972-73 च्या सुमारास, धनपाल या कवीने धारेत बसून 'पाइयलच्छीनाममाला' हा प्राकृत शब्दकोश रचला. तो त्याने आपल्या धाकट्या बहिणीसाठी, सुंदरीसाठी केला. रचनेचा काळ सांगताना त्याने माळव्याच्या फौजेने मान्यखेट लुटल्याची नोंद केली. राष्ट्रकूटांची राजधानी जळत असताना एक भाऊ बहिणीला शब्दांचे अर्थ लिहून देत होता. हा कोश जर्मन संस्कृतपंडित गेयॉर्ग ब्यूलर यांनी 1879 मध्ये संपादून छापला, म्हणून आपल्याला लाभला.

1948 मध्ये दोन्ही पात्या आणि धार मध्य भारतात विलीन झाल्या, 1956 मध्ये मध्य प्रदेशात आल्या. राज्ये गेली, तशी 'पातीदार'सारखी शब्दसंपत्तीही बोलण्यातून निघून चालली आहे. धार-देवासच्या मराठी घरांत वाटणीपत्रे, सनदा, हिशेबाच्या वह्या, मोडीतली पत्रे अजून असतील. ज्यांच्याकडे ती आहेत त्यांनी ती रद्दीत देऊ नयेत. मोडी वाचणाऱ्याला दाखवावीत, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे शब्द अर्थासह आजच उतरवून ठेवावेत.