दोघांचं माथेरान, एका दिवसात

त्याची नाइट शिफ्ट, तिची सकाळची. एकाच घरात राहून गप्पा मात्र मेसेजवर! तुमचंही असंच चाललंय? मग एक सुट्टी जुळवा आणि लोकलनं नेरळ गाठा.

शेअर टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंत नेते. पुढे खासगी गाड्यांना बंदी. अमन लॉजहून मिनी ट्रेन आहे, ही रेल्वे १९०७ सालची. पण जाताना चालतच जा. लाल माती, गर्द सावली आणि बोलायला भरपूर वेळ. खाऊ बॅगेतच ठेवा, माकडं टपलेली असतात!

दुपारी शार्लोट लेक, संध्याकाळी पॉर्क्युपाइन पॉइंटचा सूर्यास्त. परतीच्या टॅक्सीची वेळ आधीच विचारा, टॉर्चही हवाच. दोन पॉइंट पुरेत. साठलेल्या गप्पा संपल्याच, तर तिसरा बघा!