कचारगड : गाभारा नसलेलं देवस्थान

जपानमधल्या नारा प्रांतात ओमिवा नावाचं फार जुनं शिंतो देवस्थान आहे. तिथे दर्शनाचा मंडप आहे, गाभारा नाही. मागचा 467 मीटर उंचीचा मिवा डोंगर हाच देव. साके गाळणारे आपल्या धंद्याच्या बरकतीसाठी त्याला भजतात. डोंगर चढायचा तर आधी नाव नोंदवावं लागतं, आणि वर फोटो काढायला बंदी. या शिस्तीचं आपल्याकडे कौतुक होतं. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यातलं कचारगड याच जातकुळीचं ठाणं, पण ते मात्र आपण सहलीच्या यादीत हाजरा धबधब्याच्या शेजारी टाकून मोकळे होतो.

मुंबई-हावडा लोहमार्गावरच्या दरेकसा स्टेशनात उतरायचं, धनेगाव गाठायचं आणि जंगलातून डोंगर चढायचा. वर प्रचंड नैसर्गिक गुहा आहे. गोंडी परंपरा सांगते, की माता कली कंकालीची मुलं या गुहेत कोंडली होती. गोंडांचा धर्मगुरू पारी कुपार लिंगो आणि देवी जंगो रायताड यांनी त्यांना सोडवायचं ठरवलं. दाराची शिळा सरली, पण वादक हिरासुका पाटालीर तिच्याखाली चिरडला गेला. सुटलेल्या मुलांना लिंगोने कुळं आणि सगे, म्हणजे कुळांचे गट, वाटून दिले. प्रत्येक कुळाकडे एक झाड, एक प्राणी, एक पक्षी राखायला दिला. आपल्या कुळाचं झाड तोडायचं नाही, प्राणी मारायचा नाही. म्हणजे इथलं भाग्य एकट्याच्या पदरात पडणारं नव्हेच. सगळ्यांनी मिळून रान राखलं तर सगळ्यांची बरकत, असा हा हिशेब आहे. म्हणून कचारगडात देऊळ कुठलं असं विचारलं, तर उत्तर गुहेपाशी थांबत नाही, भोवतालच्या रानापर्यंत जातं.

यावर कोणी म्हणेल, लोक तिथेही नवस बोलतातच. बोलतात; माणूस आहे, पोराबाळांसाठी मागणारच. पण परंपरेचा पाया त्या मागण्यात नाही. डोंगर आहे तसाच राखावा म्हटलं, तर दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. माघ पौर्णिमेला इथे शेजारच्या राज्यांतूनही लाखो माणसं येतात. मोतीरावण कंगाली यांच्यासारख्या अभ्यासकांनी 1980 च्या दशकात ही यात्रा नव्याने उभी केली, तेव्हापासून ती वाढतच गेली. एवढ्या लोकांना पाणी, संडास, दवाखाना नको का? हवाच, आणि म्हाताऱ्यांना धड पायवाटही हवी. मात्र ही सोय पायथ्याशी धनेगावात होऊ शकते. यात्रेच्या मोजक्या दिवसांसाठी डोंगरावर सिमेंट ओतलं, तर ते वर्षभर तिथेच राहतं. रंगीत दिवे आणि भोंगे तर गुहेत नकोतच. रात्री त्या रानात वावरणाऱ्या जनावरांचाही विचार करायला हवा, कारण त्यांतलं कुठलं ना कुठलं कोणाच्या तरी कुळाचं आहे.

डोंगरावर काय बांधायचं, हे ठरवायचं कोणी? 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 5 वनवासी समाजाचा सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारसा जपण्याचा अधिकार ग्रामसभेला देतं. ओडिशातल्या नियमगिरी डोंगराबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली ग्रामसभांनाच कौल विचारला, आणि बाराही गावांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. कचारगडापुढे प्रश्न खाणीचा नाही, सिमेंटचा आहे. पण विचारायचा तो आधी धनेगावच्या ग्रामसभेत, बांधकामाचा आराखडा छापून आल्यावर नव्हे.