मु. पो. डब्लिन, बाकी आयर्लंड येता-जाता?

गैरसमज : आयर्लंड एवढासा देश. डब्लिनला हॉटेल घ्यायचं, रोज एक गाव उरकून रात्री परत. तीन दिवसांत सगळं होतं.

लंडनच्या सहलीला आयर्लंडचं शेपूट जोडणारा जो तो हेच ऐकवतो. बेट लहान आहे, मान्य. सुमारे ८४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहून जरा जास्त. पण क्षेत्रफळावरून प्रवासाचे तास कळत नाहीत.

वस्तुस्थिती : मुख्य रेल्वेमार्ग डब्लिनहून फुटतात. ह्यूस्टन स्थानकावरून गॉलवे किंवा कॉर्क साधारण अडीच तास. गॉलवे ते कॉर्क मात्र थेट गाडीच नाही; गाड्या बदला, नाहीतर बसने चारेक तास जा. ‘आज गॉलवे, उद्या कॉर्क’ डब्लिनहून करायचं म्हटलं, तर दोन दिवसांतले दहा तास गाडीतच गेले. मोहेरच्या समुद्रकड्यांची एकदिवसीय बस तर विचारूच नका. सकाळी सातच्या सुमारास निघायचं, संध्याकाळी सातच्या सुमारास परत. कड्यांवर जेमतेम दीड-दोन तास. वाटेत गॉलवेला थांबलीच, तर चहा घ्यावा की गाव बघावं हे ठरेपर्यंत गाइडच्या हाका सुरू. याला गॉलवे पाहणं म्हणायचं, तर डेक्कन क्वीनच्या खिडकीतून लोणावळाही पाहून होतं.

बॅगा पुन्हा भरायचा कंटाळा, एवढंच खरं कारण. तो सोडा आणि एकच मार्ग धरा. एक रात्र डब्लिन, दोन रात्री कॉर्क. तिथल्या १७८८ पासूनच्या इंग्लिश मार्केटमध्ये मासे-चीजच्या शेजारी ड्रिशीन, म्हणजे रक्ताचं सॉसेज, मांडलेलं दिसेल. कॉर्कमध्येच शँडनच्या चर्चच्या मनोऱ्यात आकडे बघत दोर ओढले, की घंटांवर गाणं तुम्हीच वाजवता. मनोऱ्याच्या चार बाजूंची चार घड्याळं एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून गावकरी त्याला ‘चार तोंडांचा खोटारडा’ म्हणतात. टायटॅनिक १९१२ मध्ये जिथे शेवटची थांबली ते कोव्ह बंदर कॉर्कहून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत. डब्लिनहून एका दिवसात जाऊन यायचंच असेल, तर किलकेनी गाठा : दीडेक तासाचा प्रवास, आणि किल्ल्यापासून सेंट कॅनिस कॅथीड्रलपर्यंत सगळं पायी. मध्ये बटर स्लिप नावाचा अरुंद, कमानीचा बोळ लागतो. पूर्वी तिथे लोणी विकणारे बसत.

आता बाकीचे गैरसमज, एकेका दमात.

‘शेंगेन व्हिसा चालतो.’ नाही. आयर्लंड युरोपीय संघात आहे, शेंगेनमध्ये नाही.

‘बेलफास्टच्या गाडीत कोणी तपासत नाही, म्हणजे व्हिसा नको.’ सीमेवर नाका नाही, कायदा आहे. बेलफास्ट युनायटेड किंगडममध्ये येतं. भारतीय पासपोर्टवर तिथे जायला तिथे चालणारा व्हिसा लागतोच.

‘पाऊस मुसळधार.’ आयर्लंडच्या हवामान खात्यानुसार पूर्व भागात वर्षाला ७५० ते १००० मिलिमीटर. मुंबईत याच्या दुपटीहून जास्त. पण आयर्लंडमध्ये तो वर्षभर भुरभुरतो, पश्चिमेला काही ठिकाणी सव्वादोनशे दिवस. छत्री वाऱ्याने उलटते. टोपीचं जाकीट घ्या.

‘विमानतळावरून मेट्रो पकडू.’ डब्लिन विमानतळापर्यंत रेल्वेच नाही. बस घ्या.

‘डब्लिनमध्ये फुकट काही नाही.’ किल्डेअर स्ट्रीटवरचं राष्ट्रीय संग्रहालय आणि डब्लिन किल्ल्यातलं चेस्टर बीटी, दोन्हींना तिकीट नाही. चेस्टर बीटीच्या संग्रहात मुघल लघुचित्रंही आहेत. एका पावसाळी दुपारची सोय झाली.